सेरामपूर मिशन आणि त्याचे पाळक विल्यम कॅरे

मराठी वाचकाला विल्यम कॅरे हे नाव भेटते ते बहुधा मुद्रणाच्या किंवा गद्याच्या इतिहासात. १८०५ साली मराठीचे व्याकरण, १८१० साली मराठी-इंग्रजी कोश आणि त्यानंतर मोडी लिपीत छापलेली काही पुस्तके, एवढी नोंद करून ग्रंथकार बाळशास्त्री जांभेकरांच्या काळाकडे वळतात. ही नोंद खरी आहे, पण तिच्यात कॅरेंचे मूळ काम येत नाही. १७८७ साली इंग्लंडमधल्या मोल्टन नावाच्या खेड्यात त्यांना बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक म्हणून दीक्षा मिळाली आणि ९ जून १८३४ रोजी बंगालमधल्या सेरामपूर येथे देवाज्ञा होईपर्यंत ते पाळकच होते. छापखाना, शाळा, कॉलेज, कोश हे सारे त्या एका सेवेच्या पोटी आले. सेरामपूरच्या संस्थेचा इतिहास लिहायचा तर तो या बाजूनेच लिहायला हवा, असे मला वाटते.

कॅरेंचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्दम्प्टनशायरमधल्या पॉलर्सपरी गावी झाला. शिक्षण बेताचे. लहानपणीच ते चांभारकामाच्या उमेदवारीला लागले. मोल्टनच्या मंडळीकडून मिळणाऱ्या पैशांत घर चालत नसे, म्हणून उपदेशाच्या जोडीला त्यांनी जोडे शिवले आणि गावातल्या मुलांची शाळाही घेतली. काम करता करता लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा शिकून घेतल्या. १७८९ मध्ये ते लेस्टरच्या हार्वे लेन मंडळीचे पाळक झाले. ही मंडळी आतून फुटलेली होती. कॅरेंनी ती विसर्जित केली आणि नव्याने वचनबद्ध होऊ इच्छिणाऱ्या सभासदांना घेऊन पुन्हा उभी केली. विस्कटलेली माणसे एका मेजाशी बसवण्याचे जे कसब त्यांना पुढे बंगालमध्ये लागणार होते, त्याची पहिली कसोटी तिथे लागली.

१७९२ साली त्यांचा मिशनकार्यावरचा छोटा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ३० मे रोजी नॉटिंगहॅम येथे यशया ५४ या अध्यायावर त्यांनी उपदेश केला, आणि २ ऑक्टोबरला केटरिंग गावातल्या एका विधवा भगिनीच्या घरी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. त्या बैठकीत वर्गणीचे आकडे पडले ते १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सचे. खेड्यापाड्यांतल्या गरीब मंडळ्यांचा हा पैसा होता.

११ नोव्हेंबर १७९३ रोजी कॅरे कुटुंब कोलकात्यास उतरले. पुढच्या सहा वर्षांची हकिगत मन विषण्ण करणारी आहे. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नको होते. हाताशी पैसा नव्हता. अखेर माल्दाकडे मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली. तिथे १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला. पत्नी डोरोथी यांचे मन त्या आघातातून कधी सावरले नाही. १८०७ साली त्यांचा मृत्यू झाला तोपर्यंतची सुमारे बारा वर्षे त्यांनी भ्रमिष्ट अवस्थेत काढली, आणि त्यांतला बराच काळ बंद खोलीत. संस्थांच्या स्मरणिकांत डोरोथीबाईंचे नाव क्वचितच येते. लिहिता-वाचता न येणारी ही बाई आधी हिंदुस्थानात यायला तयारच नव्हती. तान्हे मूल कडेवर घेऊन, बहीण सोबत येईल या अटीवर ती निघाली. सेरामपूरने जे उभे केले त्याची सर्वांत मोठी किंमत तिने मोजली. पाळकाच्या सेवेचा गौरव करताना हे झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

सेरामपूर हे गाव कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पश्चिम काठावर आहे. बंगालीत त्याला श्रीरामपूर म्हणतात. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरशी त्याचा काही संबंध नाही. त्या काळी तिथे डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता आणि कंपनीचा हुकूम चालत नसे. १७९९ च्या ऑक्टोबरात जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना आणि विल्यम वॉर्ड ही मंडळी इंग्लंडहून आली तेव्हा डॅनिश गव्हर्नर कर्नल ओले बी यांनी त्यांना आसरा दिला. १० जानेवारी १८०० रोजी कॅरेही मदनाबाटीहून तिथे येऊन राहिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मंडळीची रीतसर स्थापना झाली आणि कॅरे तिचे पाळक निवडले गेले. छापखान्याचे काम जेमतेम सुरू झाले होते आणि कॉलेज अठरा वर्षे दूर होते. मंडळी मात्र पहिल्याच वर्षी उभी राहिली.

या मंडळीची राहणी एकत्र कुटुंबाची होती. एकच भोजनगृह, एकच तिजोरी, घरकारभाराची पाळी ठरलेली. मार्शमन पती-पत्नींनी काढलेल्या शाळांचे उत्पन्न, वॉर्ड यांच्या छापखान्याचा नफा आणि कॅरेंचा पगार सगळा एका ठिकाणी जमा व्हायचा. कोणी स्वतःसाठी धंदा करायचा नाही, असा करार होता. १८०५ मध्ये त्यांनी आपली कार्यतत्त्वे कागदावर उतरवली आणि ती वर्षातून तीनदा प्रत्येक ठाण्यावर मोठ्याने वाचायची असे ठरवले. लोकांच्या मनाचा ठाव घ्यावा, त्यांच्या श्रद्धा दुखावतील असे बोलू नये, इथल्याच माणसांतून पाळक व उपदेशक घडवावेत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. परक्या देशात सत्तेच्या सावलीत राहणाऱ्या गोऱ्या माणसांनी हे लिहून ठेवले आणि वर्षातून तीनदा स्वतःला ऐकवले, याचे मोल मोठे आहे.

मंडळीचे पहिले बंगाली सभासद कृष्ण पाल. व्यवसायाने सुतार. त्यांचा निखळलेला हात मिशनचे वैद्य जॉन थॉमस यांनी बसवला, त्यातून ओळख झाली. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळीच्या पाण्यात कॅरेंनी त्यांना बाप्तिस्मा दिला, आणि त्याच वेळी आपला मुलगा फेलिक्स यालाही. पुढे कृष्ण पाल स्वतः उपदेशक झाले, त्यांनी बंगालीत भक्तिगीते लिहिली.

यानंतर जातीचा प्रश्न आला. दक्षिणेकडच्या काही जुन्या मिशनांनी प्रभुभोजनातही जातींची वेगळी बैठक चालू दिली होती. सेरामपूरने ते नाकारले. १८०३ साली ब्राह्मण कुळातले कृष्णप्रसाद आणि सुतार कृष्ण पाल यांची मुलगी यांचा विवाह कॅरेंनी लावला, आणि लग्नाचे जेवण सर्वांनी एका पंगतीत घेतले. त्याच वर्षी गोकुळ नावाचे सभासद वारले. युरोपियनांच्या दफनाला भाडोत्री खांदेकरी मिळत. गोकुळच्या शवपेटीला खांदा दिला तो मार्शमन, फेलिक्स कॅरे, ब्राह्मण कुळातला भैरव आणि मुसलमान घरातून आलेला पीरू या चौघांनी. रस्त्यावर बघ्यांची गर्दी जमली होती. जोतिराव फुल्यांचा जन्म व्हायला अजून चोवीस वर्षे अवकाश होता. महाराष्ट्रातल्या ज्या ख्रिस्ती मंडळ्यांना आजही लग्न जुळवताना मूळ जात आठवते, त्यांनी हा खांदा आणि ही पंगत विसरू नये.

१८०१ मध्ये बंगाली नवा करार छापून झाला. कोलकात्यात लॉर्ड वेलस्ली यांनी नुकतेच फोर्ट विल्यम कॉलेज काढले होते. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला माणूस हवा होता. पदवी नसलेल्या, कंपनीला आपल्या हद्दीत नको असलेल्या या पाळकाला बंगाली व संस्कृत शिकवायला बोलावणे आले. पुढे मराठीही त्यांच्याकडे आली आणि १८०७ मध्ये ते तिन्ही भाषांचे प्राध्यापक झाले. पगार महिना हजार रुपये. आपल्या संसारासाठी ठरलेली अल्प रक्कम ठेवून बाकी सर्व त्यांनी मिशनच्या तिजोरीत घातले. तीस वर्षे आठवड्यातले काही दिवस नावेने कोलकात्याला जायचे, वर्ग घ्यायचे, तिथल्या लाल बाजार मंडळीत उपदेश करायचा आणि मग सेरामपूरच्या उपासनेसाठी परतायचे, असा त्यांचा क्रम राहिला.

आपल्या मराठीशी त्यांची गाठ इथे पडली. त्यांचे मराठीचे गुरू आणि सहकारी होते वैजनाथ पंडित, जे नागपूरकडचे मानले जातात. १८०५ मध्ये व्याकरण निघाले. ते इंग्रजीत लिहिलेले आणि मराठी उदाहरणे देवनागरीत छापलेली. त्याच साली मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत निघाले. योगायोग असा की नाना फडणवीसांच्या हयातीत पुण्यात सुरू झालेले गीतेच्या कोरीव छपाईचे काम मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले तेही १८०५ मध्येच. एकमेकांची खबर नसताना मराठी मुलखाच्या दक्षिण टोकाला आणि हुगळीच्या काठी एकाच वर्षी अक्षरे कागदावर उमटत होती.

व्यवहारात मराठी माणूस मोडी लिहितो, हे कॅरेंना माहीत होते. म्हणून सेरामपूरला मोडीचे खिळे पाडण्यात आले. अक्षरांचे ठसे कोरणारे पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर हे या छापखान्याचे खरे हात. पंचानन लवकर वारले. मनोहरांनी पुढे अनेक वर्षे एकामागून एक लिप्या पोलादावर कोरल्या. १८१० चा कोश मोडीत छापला गेला, १८११ चा मराठी नवा करारही मोडीत. मग १८१४ मध्ये ‘सिंहासनबत्तिशी’, पाठोपाठ ‘हितोपदेश’, राजा प्रतापादित्याचे चरित्र आणि नागपूरकर रघूजी भोसल्यांची वंशावळी. मिशनच्या छापखान्यातून विक्रमादित्याच्या गोष्टी आणि भोसल्यांची वंशावळी निघावी, याचे कोणाला नवल वाटेल. कॅरेंची धारणा अशी होती की ज्या लोकांत पाळकाने राहायचे त्यांच्या कथा, त्यांचा इतिहास, त्यांची बोलण्याची तऱ्हा त्याला आली पाहिजे. परभाषकाला मराठी शिकवण्यासाठीही ही पुस्तके लागत होती.

हे सारे मराठी सदोष होते. सेरामपूरपासून मराठी मुलूख दूर, बोलणारी माणसे थोडी, आणि पंडितांच्या कानाला पूर्वेकडचे वळण. १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना, गॉर्डन हॉल आणि त्यांच्या सोबत्यांना, सेरामपूरचे भाषांतर इकडच्या लोकांपुढे ठेवण्याजोगे वाटले नाही. त्यांनी नव्याने काम केले आणि १८२६ मध्ये मुंबईत नवा करार छापला. पुढे मोल्सवर्थचा कोश आला आणि कॅरेंचा कोश मागे पडला. तरी पहिले पाऊल सेरामपूरचेच. कॅरेंच्या हयातीत सेरामपूरने संपूर्ण बायबल बंगाली, उडिया, हिंदी, मराठी, संस्कृत आणि असमिया या सहा भाषांत छापले, आणि त्याचे काही भाग आणखी कितीतरी भाषांत. एवढ्या पसाऱ्यात उणिवा राहणारच होत्या. कॅरेंना त्या ठाऊक होत्या. आवृत्ती निघाली की ते पुन्हा पहिल्या पानापासून दुरुस्तीला बसत.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कॅरे कोलकात्यात होते. वॉर्ड यांनी दारे-खिडक्या बंद करून आग कोंडण्याचा प्रयत्न केला, पण मध्यरात्रीपर्यंत छप्पर कोसळले. इंग्लंडहून आलेला कागद, अनेक लिप्यांचे खिळे आणि त्याहून वाईट म्हणजे हस्तलिखिते गेली. भारतीय भाषांचा जो बहुभाषी कोश कॅरे कित्येक वर्षे रचत होते तो त्यांतच जळाला. तो पुन्हा कधीच लिहिला गेला नाही. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी कोलकात्यास जाऊन बातमी सांगितली. पुढच्या रविवारी कॅरेंनी उपदेश केला तो ४६ व्या स्तोत्रावर.

राखेतून मनोहरांनी कोरलेले पोलादी ठसे शाबूत निघाले. वितळलेल्या शिशाचे गोळे गोळा करून खिळे पुन्हा ओतायला सुरुवात झाली. छपाईयंत्रे वेगळ्या खोलीत असल्याने वाचली होती. काही आठवड्यांत काम सुरू झाले. बातमी इंग्लंड-स्कॉटलंडला पोहोचली तेव्हा मंडळ्यांनी सुमारे दहा हजार पौंड जमवले आणि अखेर आता पैसे पाठवू नका असे सांगावे लागले. आधी ज्या कामाची फारशी माहिती कोणाला नव्हती ते या आगीमुळे घरोघरी पोहोचले. ही प्रसिद्धी आपल्या मनाला चढू नये, अशी भीती मिशनमधल्यांनी पत्रांतून बोलून दाखवली.

१८१८ हे वर्ष सेरामपूरच्या इतिहासात भरगच्च आहे. एप्रिलमध्ये ‘दिग्दर्शन’ हे बंगाली मासिक निघाले, २३ मे रोजी ‘समाचार दर्पण’ हे साप्ताहिक, आणि जुलैमध्ये कॉलेजची योजना जाहीर झाली. उद्देश असा सांगितला होता की आशियाई ख्रिस्ती व इतर तरुणांना पूर्वेकडील वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान शिकवावे. ‘व इतर’ हे दोन शब्द महत्त्वाचे ठरले. कोणत्याही जातीधर्माच्या मुलाला दार उघडे राहिले. सुरुवातीला विद्यार्थी ३७ होते आणि त्यांत हिंदू मुलेही होती. हुगळीकडे तोंड करून उंच स्तंभांची इमारत उभी राहिली. तिचा बराच खर्च कॅरे, मार्शमन आणि वॉर्ड यांनी आपल्या कमाईतून केला. कॅरे तिथे धर्मशास्त्राबरोबर वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकवत.

झाडांविषयी थोडे सांगायला हवे. सेरामपूरची त्यांची बाग पाच एकरांची होती आणि तिथे ते पहाटे एकटे प्रार्थना करत. १८२० साली त्यांनी कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन केली. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या मृत्यूनंतर त्यांचा भारतीय वनस्पतींवरचा ग्रंथ कॅरेंनीच संपादून छापला. रॉक्सबर्ग यांनी एका वृक्षाला शास्त्रीय नाव दिले ते कॅरेंवरून: ‘कॅरेया आर्बोरिया’. सह्याद्रीच्या जंगलात फिरणाऱ्यांना तो कुंभा म्हणून माहीत आहे.

सतीबंदीचा प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो, पण त्यातला पाळक लक्षात घेतला जात नाही. १७९९ साली कॅरेंनी नदीकाठी एक सती जाताना पाहिली होती, मध्ये पडून विरोध केला होता आणि त्यांना हुसकावून लावले होते. तेव्हापासून त्यांनी नोंदी गोळा केल्या, पंडितांकडून शास्त्राधार तपासून घेतले, सरकारकडे अर्ज केले. राममोहन रॉय यांची मोठी चळवळ त्यानंतर उभी राहिली. ४ डिसेंबर १८२९ रोजी लॉर्ड बेंटिंक यांनी कायदा केला आणि त्याचा मजकूर बंगाली भाषांतरासाठी कॅरेंकडे आला तो ६ डिसेंबरला, रविवारी सकाळी, उपासनेच्या वेळी. एरवी उपासना न चुकवणाऱ्या कॅरेंनी त्या दिवशी उपदेश दुसऱ्यावर सोपवला आणि पंडिताला घेऊन बसले. भाषांतराला एक दिवस उशीर म्हणजे आणखी काही बायकांचा जीव. संध्याकाळपर्यंत त्यांनी काम पुरे केले. माझ्या मते त्यांच्या पाळकपणाचा हा सर्वांत उत्तम रविवार.

अखेरची वर्षे कष्टाची गेली. १८२३ च्या मार्चमध्ये वॉर्ड पटकीने वारले. त्याच वर्षी दामोदर नदीच्या पुराने बाग उद्ध्वस्त केली, घर सोडावे लागले, आणि नावेतून उतरताना पडून कॅरेंना कायमचा अधूपणा आला. इंग्लंडमधल्या सोसायटीशी मालमत्तेच्या हक्कांवरून वाद चिघळत होता. तिथले जुने मित्र गेले होते आणि नव्या संचालकांना दूरवरच्या तिघांची स्वायत्तता खटकत होती. नव्याने आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी, त्यांत कॅरेंचा पुतण्या युस्टेसही होता, कोलकात्यात वेगळे ठाणे मांडले. १८२७ मध्ये सोसायटी आणि सेरामपूर विभक्त झाले. दोन्ही बाजूंची पत्रे वाचली की वाटते, समुद्रापारच्या पत्रव्यवहाराने गैरसमज वाढवले आणि मार्शमन यांच्या हट्टी स्वभावाने ते मिटू दिले नाहीत. तरी ज्यांनी स्वतःची कमाई संस्थेत ओतली त्यांच्यावर स्वार्थाचा आरोप होणे हे अन्यायाचेच होते. १८३० नंतर कोलकात्यातल्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या, त्यांत मिशनच्या ठेवी गेल्या. फोर्ट विल्यममधली प्राध्यापकपदे रद्द झाली आणि कॅरेंचा पगार निम्म्या निवृत्तिवेतनावर आला. सत्तरीतल्या या माणसाने बंगाली बायबलाची शेवटची आवृत्ती अशा दिवसांत तपासली.

९ जून १८३४ रोजी पहाटे ते प्रभूघरी गेले. दुसऱ्या दिवशी मिशनच्या दफनभूमीत त्यांना ठेवण्यात आले. डॅनिश सरकारने आपला ध्वज अर्ध्यावर उतरवला. त्यांनी मृत्युपत्रात आपला शंख, कीटक, खनिजे यांचा संग्रह कॉलेजला दिला होता. कबरीवर नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि आयझॅक वॉट्स यांच्या एका गीतातल्या दीनतेच्या दोन ओळी, यापलीकडे काही लिहू नये अशी त्यांची सूचना होती. ती पाळली गेली. १८३७ च्या डिसेंबरात मार्शमनही गेले आणि त्याच सुमारास सोसायटीशी समेट झाला.

कॉलेज मात्र टिकले, आणि त्याचे श्रेय १८२७ साली डेन्मार्कचे राजे सहावे फ्रेडरिक यांनी दिलेल्या सनदेला आहे. तिने कॉलेजला पदव्या देण्याचा अधिकार दिला होता. १८४५ मध्ये डॅनिशांनी सेरामपूर इंग्रजांना विकले तेव्हा विक्रीच्या करारात ही सनद कायम ठेवण्यात आली. हा अधिकार जवळजवळ नव्वद वर्षे वापरलाच गेला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी प्राचार्य जॉर्ज हॉवेल्स यांनी तो जागा केला. १९१५ साली धर्मशास्त्राच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या आणि १९१८ मध्ये बंगालच्या कायदेमंडळाने सेरामपूर कॉलेजचा कायदा करून त्याच्या सिनेटला इतर पंथांच्या सेमिनरींशी जोडून घेतले. बॅप्टिस्टांनी आपल्या हाती असलेला अधिकार लुथरन, अँग्लिकन, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन अशा सर्वांशी वाटून घेतला.

पुण्यातली युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी या दोन्ही आज याच सिनेटशी संलग्न आहेत. महाराष्ट्रातला जो तरुण तिथे शिकून मंडळीची सेवा पत्करतो त्याच्या पदवीपत्रावर सेरामपूरचे नाव असते. सेरामपूरच्या मूळ इमारतीत कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखा कोलकाता विद्यापीठाशी जोडलेल्या आहेत. तिथे बहुसंख्य मुले ख्रिस्तीतर आहेत आणि शेजारच्या धर्मशास्त्र विभागात पाळक घडतात.